दोन शतांश

आमच्या स्टॉपला बोर्ड नाही.
मच्छे गेलं, पेट्रोल पंप गेला,
की गंगव्वा शिट्टी तोंडातून काढून ओरडते,
"लेआउट यार्री? मुंद बर्री!"
आणि आम्ही अकरा जणं उठतो
रिकामे डबे वाजवत.
गावाला नाव आहे. तिकिटाच्या मशीनमध्ये नाही.

मी उद्यमबागेत व्हॉल्व्ह मोजते.
पहिली पाळी, दिवसाला आठशे नग.
व्हर्नियरच्या जबड्यात सीट धरायची,
दोन शतांश मिलिमीटर इकडं-तिकडं चालतं,
त्याहून जास्त झालं की लाल पेटी.
परत येताना हात धुतले जातात,
डोळे धुवायचे राहतात.
खिडकीतून गाव मोजत बसतात.

साईट नंबर सतरा ते एकवीस आमची बासमती होती.
निसवली की बसमधल्या माणसांना
घर लांब असतानाच भूक लागायची.
विकलं तेव्हा बाबांनी शेवटचं पीक कापलं,
पेंढ्या वाहून झाल्यावर
इंजिनीयरची माणसं दगड रोवत होती, त्यांना
चहा पण दिला.
दगडावर पिवळे आकडे.
एकोणीस उलटा रोवला गेला,
बरेच दिवस कुणी बदलला नाही.

उताऱ्यावर आमचा आज्जा तीनदा आहे.
वाळवी लागलेल्या कागदावर भरमा वलद सोमा.
मग लिपी बदलली, तेव्हा भरमप्पा.
मग कॉम्प्युटर आला, त्यात बर्मा.
दुरुस्तीला गेलो तर कारकून म्हणाला,
"आज्जा, उंबरा न ओलांडता परदेशी गेलास की!"
आज्जा कोपरीच्या खिशात चष्मा शोधत म्हणाला,
"हाय ते. ही दुसरी खेप."

मी त्यावेळी सहावीत.
मला फक्त कारकुनाच्या टेबलावरची गोंदाची बाटली आठवते.

गंगव्वा माझा पास बघत नाही.
फोटो लग्नाआधीचा, तो तिलाही पाठ झालाय.
ती हात बघते, नखांतलं ग्रीस.
ती कानडीत विचारते, मी मराठीत सांगते,
सहा वर्षं कुणी कुणाची भाषा दुरुस्त केली नाही.

परवा शेवटच्या फेरीला बस मोकळी होती.
ती शेजारी येऊन बसली, चामडी पिशवी मांडीवर.
"तंगी, मी साईट घेतली. एकोणीस नंबर."
मग जरा थांबून,
"पाया काढला तर नीर बरतैती. पाणी.
गवंडी म्हणतोय पाईप फुटलाय.
पाईप तर टाकलाच नाही अजून. कुठनं येतंय गं?"

कुठनं येतंय.
मी तिकिटाच्या पाठीवर आमचा पाट काढला.
वरच्या तळ्यापासून चिंचेपर्यंत सरळ,
चिंचेपाशी एक वळण, तिथं आमचा दगड,
ज्याच्यावर आई धुणं आपटायची,
मग एकोणीसमधून तिरका.
बस हलत होती. रेघ वाकडी आली.
व्हर्नियर नव्हतं जवळ,
आणि चिंच तरी कुठं आहे आता.

लाल आणि हिरवीच्या मधे आमच्याकडं
एक पिवळी पेटी असते.
टाकायचा नाही, पाठवायचा पण नाही असा माल.
त्याच्यावर पुन्हा काम करायचं.
संध्याकाळी ती पेटी नेहमी सगळ्यात जड भरते.

रविवारी बाबा गेले एकोणीस नंबरवर.
मी पण गेले, छत्री घेऊन.
त्यांनी चप्पल काढली, विकलेल्या जमिनीत
अनवाणी बावीस पावलं टाकली,
थांबले, एक पाऊल मागं आले.
"हितनं. चर मार, दगड भर, पाणी जाऊ दे त्याच्या वाटंनं."
गंगव्वाचा नवरा सुताची गुंडी घेऊन मागं मागं.
"आणि दार ह्या बाजूला नको," बाबा म्हणाले.
गंगव्वानं विचारलं, वास्तू?

"न्हाई गं," बाबा म्हणाले, "श्रावणात खेकडी आत येतील.
त्यांनाबी सवय हाय ह्या वाटंची."